दिव्यांग कामगार घ्यायचा कसा आणि टिकवायचा कसा

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा किंवा जालन्याच्या एमआयडीसीत हेल्पर, पॅकर, ऑपरेटर यांची भरती पुष्कळदा कंपनीचं एचआर खातं करतच नाही. ती ठेकेदाराचा माणूस गेटवर करतो. पाळी सुरू व्हायच्या आत त्याला ठरलेली माणसं लाइनवर उभी करायची असतात, त्यामुळे तो नजरेनंच निवड करतो. कुबडी दिसली, कानात यंत्र दिसलं की "तुमच्याजोगं काम नाही इथं" आणि माणूस परत. आत एचआरच्या भिंतीवर 'समान संधी धोरण' फ्रेममध्ये लटकत असतं, ते गेटपर्यंत पोचलेलं नसतं.

म्हणून दिव्यांग माणसं कामावर घ्यायची असतील तर पहिली दुरुस्ती ठेकेदाराच्या करारात करायची. त्यात दोन वाक्यं पुरतात: अपंगत्वाच्या कारणावरून गेटवर कुणालाही परत पाठवायचं नाही, आणि अशा प्रत्येक उमेदवाराचं नाव व फोन नंबर त्याच दिवशी एचआरकडे द्यायचा. घ्यायचं की नाही हे मग काम समजणारा माणूस ठरवेल. ठेकेदाराचं बिल पास करताना ही यादी मागितली तरच हे कलम पाळलं जातं, नाहीतर ते कागदावर राहतं.

कायदा नेमकं काय मागतो

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा. अंमल १९ एप्रिल २०१७ पासून. त्यात २१ प्रकारचं अपंगत्व मोजलं आहे. डोळे, कान, हातपाय हे तर आहेतच, शिवाय बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता, मानसिक आजार, कुष्ठरोगातून बरे झालेले, बुटकेपणा, थॅलेसीमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, ॲसिड हल्ल्यातले पीडित असे अनेक.

खासगी मालकांचा सगळ्यात मोठा गैरसमज आरक्षणाबद्दल असतो. ४ टक्के आरक्षण हे सरकारी आस्थापनांसाठी आहे. खासगी क्षेत्रासाठी कायदा ५ टक्क्यांचा उल्लेख करतो, पण तो वेगळ्या अर्थानं: एकूण कामगारांत किमान ५ टक्के दिव्यांग असावेत यासाठी सरकारनं मालकांना सवलती द्याव्यात, असं ते कलम म्हणतं. म्हणजे ५ टक्के भरले नाहीत म्हणून कुणी दंड करायला येत नाही.

मग खासगी मालकावर बंधन कशाचं? समान संधी धोरण लिहिण्याचं. हे प्रत्येक आस्थापनेला लागू आहे. २० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर धोरणात बरंच काही यावं लागतं: दिव्यांगांसाठी योग्य पदांची यादी, निवडीची पद्धत, प्रशिक्षण, बढती, बदलीत प्राधान्य, विशेष रजा, सहायक साधनं, अडथळामुक्त जागा, आणि या सगळ्याकडे बघणारा एक संपर्क अधिकारी. २० पेक्षा कमी माणसं असतील तर काय सोयी देणार एवढं लिहिलं तरी चालतं. धोरण संकेतस्थळावर टाकायचं. संकेतस्थळ नसेल तर सगळ्यांना दिसेल अशा जागी लावायचं. त्याची प्रत आयुक्तांकडे नोंदवायची, आणि राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे. सोबत एक नोंदवही ठेवायची: दिव्यांग कर्मचारी किती, कधी रुजू झाले, अपंगत्वाचं स्वरूप, कामाचं स्वरूप, दिलेल्या सोयी. कायदा मोडला तर पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड. पुन्हा मोडला तर ५०,००० पासून ५ लाखांपर्यंत.

बाजारात या धोरणाचे तयार नमुने फिरतात. त्यातली पदांची यादी बहुधा पुण्या-मुंबईच्या आयटी कंपनीची असते, आणि परभणीच्या जिनिंग मिलच्या धोरणात 'सॉफ्टवेअर टेस्टर' हे पद सापडतं. असा कागद नोंदवून काही साधत नाही. यादी स्वतःच्या शेडमध्ये फिरून करायची असते.

दुसरं बंधन 'वाजवी सोयी'चं. दिव्यांग माणसाला इतरांच्या बरोबरीनं काम करता यावं म्हणून गरजेचे बदल करायचे, मात्र मालकावर अवाजवी बोजा पडणार नाही इतपत. कोणता बदल वाजवी हे त्या माणसाला विचारूनच ठरतं. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात हेच सांगितलं, आणि सोय मिळायला किमान ४० टक्के अपंगत्वाची अट लावता येत नाही हेही. ४० टक्के हा आकडा आरक्षण आणि काही योजनांसाठी आहे. कुणाचं प्रमाणपत्र ३० टक्क्यांचं आहे म्हणून त्याला खुर्ची नाकारायची, असं चालत नाही.

आणखी एक कलम सुपरवायझरांना मुद्दाम वाचून दाखवावं. दिव्यांग माणसाचा लोकांसमोर जाणूनबुजून अपमान केला किंवा त्याला धमकावलं तर ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. आपल्याकडे लाइनवर 'ए बहिऱ्या', 'लंगड्याला पाठव' असं सहज बोललं जातं, आणि बोलणाऱ्याला त्यात काही वावगंही वाटत नाही. पण हा प्रकार गुन्ह्यात बसू शकतो.

कामाची फोड करा

'दिव्यांगांना काय काम देता येईल?' हा प्रश्न विचारला की उत्तरं ठरलेली येतात. कर्णबधिर असेल तर पॅकिंग, अंध असेल तर टेलिफोन, पायानं अधू असेल तर गेटवर रजिस्टर. ही उत्तरं अपंगत्वाकडे बघून दिलेली असतात, कामाकडे बघून नव्हे. आधी काम सुटं करून पाहिलं की चित्र बदलतं.

जालन्यातल्या एखाद्या बियाणे कंपनीची पॅकिंग लाइन घ्या. जाहिरातीत लिहिलेलं असतं: 'पॅकिंग हेल्पर, वजन उचलता आलं पाहिजे, चपळ हवा.' प्रत्यक्षात त्या लाइनवर साधारण आठ वेगवेगळी कामं चालतात: पोती उतरवणं, हॉपरमध्ये बी ओतणं, पाऊच लावणं, वजन तपासणं, सील करणं, लॉट नंबर आणि तारीख जुळवणं, पाऊच खोक्यात भरणं, खोकी पॅलेटवर रचणं. वजन उचलणं फक्त पहिल्या दोन आणि शेवटच्या कामात आहे. वजनकाट्यावर बसून काम होतं. लॉट नंबर जुळवायला नजर आणि चिकाटी लागते, पाय लागत नाहीत. खोक्यात मोजून भरायला आकडे यावे लागतात असं वाटतं, पण पंचवीस खाच्यांचा ट्रे बनवला तर मोजायचं काम ट्रे करतो. सगळे खाचे भरले की पंचवीस झाले. बौद्धिक अपंगत्व असलेली व्यक्ती हे काम बिनचूक करू शकते. मोजणीच्या चुका कमी झाल्या की असा ट्रे पुढे सगळ्याच लाइनला लागतो.

ही फोड कागदावर करायची. प्रत्येक कामापुढे लिहायचं: उभं की बसून, एक हात की दोन, किती किलो, ऐकावं लागतं का, वाचावं लागतं का, दर किती मिनिटांनी बदल होतो, धोका कोणता. एका लाइनला एका पाळीत ही फोड लिहून होते. नंतर जाहिरात त्यावरून लिहायची आणि 'चपळ', 'धडधाकट' असले मोघम शब्द काढून टाकायचे.

इथे एक अडचण हमखास येते. बऱ्याच लाइनवर माणसं दर दोन तासांनी जागा बदलतात, म्हणजे एकाच कामानं हात आखडत नाही. एका माणसाला कायम वजनकाटा दिला तर बाकीचे कुरकुरतात, "त्यालाच सोपं काम." त्यांचं म्हणणं पूर्ण चुकीचं नसतं. त्यावर उपाय अदलाबदलीचा: पोती उचलायचा त्याचा वाटा दुसऱ्यानं घ्यायचा, आणि त्या दुसऱ्याचं सगळ्यांना नकोसं असलेलं काम, जसं लेबलांची मोजदाद किंवा पाळीअखेरचा हिशेब, यानं घ्यायचं. हे सुपरवायझरनं सगळ्या टीमसमोर ठरवावं. गुपचूप दिलेली सूट आठ दिवसांत टोमण्यांचा विषय होते. उत्पादनाचं टार्गेटही शिकाऊ काळ संपला की सगळ्यांना एकच ठेवावं. कायमचं कमी टार्गेट दिलं की पगारवाढीच्या वेळी तेच आडवं येतं.

काही ठिकाणी मात्र बदल करायचा नाही. प्रेस शॉपमध्ये मशीन चालायला दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबावी लागतात. हात डायखाली जाऊ नये म्हणून ती रचना असते. एका हाताच्या ऑपरेटरसाठी एक बटण बांधून टाकणं म्हणजे उरलेला हात धोक्यात घालणं. त्याला दुसरं मशीन द्या. टॉगल क्लॅम्प किंवा हवेवर चालणारा शिकंजा लावला तर असेंब्ली, तपासणी, गेजिंग ही कामं एका हातानं नीट होतात.

उमेदवार शोधणं आणि पारखणं

"जाहिरात दिली, कुणी आलंच नाही," असं मालक म्हणतात. येणार कसं? जाहिरात गेटवर चिकटवलेली असते आणि गेटवरून परत जायची या लोकांना सवय झालेली असते. जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात दिव्यांग उमेदवारांची नोंद असते; कायद्यानंच ती ठेवायला सांगितली आहे. महास्वयम् पोर्टलवर जागा टाकता येते. त्याहून लवकर फळ देणारा रस्ता म्हणजे जिल्ह्यातल्या कर्णबधिर, अंध आणि मतिमंद मुलांच्या विशेष शाळा व कार्यशाळा. तिथल्या शिक्षकांना आपले जुने विद्यार्थी कुठे आहेत, कोण काय करू शकतो, हे पक्कं माहीत असतं. आयटीआयच्या प्राचार्यांना एक फोन केला तर फिटर, इलेक्ट्रिशियन, कोपा (संगणक ऑपरेटर) झालेली दिव्यांग मुलं कळतात. त्यांना ॲप्रेंटिस म्हणून घेतलं तर दोन्ही बाजूंना एकमेकांची पारख करायला वर्षभर मिळतं.

प्रमाणपत्राची पडताळणी करायची तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, बघा. त्यावर पिवळी पट्टी असेल तर अपंगत्व ४० ते ८० टक्क्यांच्या आत, निळी असेल तर ८० किंवा जास्त, पांढरी असेल तर ४० पेक्षा कमी. मात्र टक्केवारीवरून कामाची क्षमता ठरवू नका. दोन्ही पायांनी ८० टक्के अपंगत्व असलेला माणूस अकाउंट्समध्ये शंभर टक्के काम करतो. त्या आकड्याचा टॅलीशी काही संबंध नाही.

मुलाखतीत "हे कसं झालं? जन्मापासून का?" हा प्रश्न टाळायचा. त्याऐवजी काम दाखवून विचारायचं, "हे तुम्ही कसं कराल?" माणसाला स्वतःच्या युक्त्या माहीत असतात. शक्य असेल तिथे तोंडी मुलाखतीपेक्षा अर्धा तास काम करून दाखवायला सांगणं चांगलं.

कर्णबधिरांच्या बाबतीत हे फारच महत्त्वाचं. पुष्कळांची पहिली भाषा खुणांची असते आणि लिहिलेलं मराठी त्यांना अवघड जातं. वाक्यात क्रियापदं, प्रत्यय मागेपुढे होतात. लेखी परीक्षा घेतली की हुशार मुलगाही नापास ठरतो, आणि परीक्षकाला वाटतं की त्याला काही येत नाही. त्या दिवशी विशेष शाळेतला शिक्षक दुभाषा म्हणून बोलवा, त्याचं मानधन द्या. आईवडिलांना दुभाषा बनवू नका. ते मुलाच्या वतीनं स्वतःच उत्तरं देतात.

पहिल्या तीन महिन्यांत काय बिघडतं

भरतीपेक्षा गळतीच जास्त त्रासाची. आणि गळतीची कारणं बहुतेक वेळा मशीनवर सापडत नाहीत, मशीनच्या आजूबाजूला सापडतात.

पहिलं कारण येणं-जाणं. एसटीत ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, पण एसटी एमआयडीसीच्या आतल्या गेटपर्यंत येत नाही, आणि रात्री अकराला सुटणाऱ्या पाळीला ती नसतेच. कंपनीची बस असेल तर तिची पहिली पायरी जमिनीपासून फार उंच असते; कुबडीवर चालणाऱ्याला ती चढता येत नाही, आणि मागून रांग ढकलत असते. दाराशी खाली उघडणारी एक जादा पायरी आणि उभा दांडा वेल्डरकडून लावून घेता येतो. बाजूला चाकं लावलेल्या स्कूटरवर येणाऱ्यांसाठी गेटच्या आत, शेडच्या जवळ, सावलीतली पार्किंगची जागा राखून ठेवा. ती जागा आठवडाभरात साहेबांच्या गाड्यांनी भरते, म्हणून तिच्यावर पिवळा पट्टा मारून वॉचमनला जबाबदार धरा. ग्रामीण भागातून येणाऱ्यांना रोज पाळी बदलण्यापेक्षा कायम पहिली पाळी दिली तर निम्मा प्रश्न सुटतो.

दुसरं कारण संडास. याबद्दल कुणी बोलत नाही आणि नोकरी मात्र यावरून सुटते. जागा अडचणीची किंवा पाणी नसलेली असली की व्हीलचेअरवरची माणसं आणि बायका दिवसभर पाणी पिणंच टाळतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या शेडखाली, हे फार महागात पडतं: लघवीच्या मार्गाला संसर्ग होतो, ताप येतो, मग सुट्ट्या पडतात आणि हजेरीच्या नावाखाली माणूस कमी होतो. दार किमान ९०० मिमी रुंद असावं आणि बाहेर उघडावं किंवा सरकतं असावं, कारण आत उघडणारं दार व्हीलचेअर आत गेली की लागतच नाही. आत चाकाची खुर्ची वळायला १५०० मिमी मोकळी जागा हवी. कमोडची बैठक जमिनीपासून ४५० ते ४८० मिमी. बाजूला आणि मागे भिंतीत पक्के दांडे. टाइल्सवर स्क्रूनं चिकटवलेला दांडा पहिल्याच भारानं निघून येतो, त्याला विटांत किंवा काँक्रीटमध्ये पकड लागते. नळ मूठ फिरवायचा नको, दांडीचा हवा, आणि बसल्या जागेवरून हाताला लागावा. बांधून झालेली अशी खोली झाडू, फिनेल आणि पोछ्यांचं गोदाम बनते, हा सार्वत्रिक अनुभव. तिची किल्ली सफाई कामगाराकडे नको आणि आत काही ठेवायचं नाही.

रॅम्पची गोष्ट तीच. प्रमाण १:१२, म्हणजे १ फूट उंचीला १२ फूट लांबी. ऑफिसचा चौथरा दीड फूट उंच असेल तर रॅम्प १८ फूट लागतो. एवढी जागा नाही म्हणून सहा फुटांत उरकलेला रॅम्प सामान ढकलायला बरा, माणसाला तो चढवत नाही आणि उतरताना उलटवतो. जागा कमी असेल तर मध्ये वळण घ्या. रुंदी किमान १२०० मिमी, वर दारापाशी १५०० मिमी सपाट जागा, दोन्ही बाजूंना कठडे, ७६० आणि ९०० मिमी अशा दोन उंचींवर. आपल्याकडची गुळगुळीत शहाबादी रॅम्पवर बसवू नका, पहिल्या पावसात घसरगुंडी होते. ओल्या काँक्रीटवर खराट्यानं ओढलेल्या आडव्या रेषा यापेक्षा कितीतरी चांगल्या. आणि रॅम्पच्या तोंडाशी मोटारसायकली लागणार नाहीत याची व्यवस्था आधी करा, उद्घाटन नंतर.

तिसरं कारण सुपरवायझर आणि निरोप. कर्णबधिर कामगाराच्या नोकरीचा घात करणारी घटना फार साधी असते. शनिवारी पाळी सुटताना सुपरवायझर ओरडून सांगतो, "सोमवारपासून सेकंड शिफ्ट!" सगळे ऐकतात, तो ऐकत नाही. सोमवारी सकाळी सहाला येऊन गेटवर बसतो, दुपारी घरी जातो, आणि रजिस्टरला गैरहजर लागतो. असं दोनदा झालं की मेमो. म्हणून नियम असा: पाळी, सुट्टी, जागा यांतला कुठलाही बदल फळ्यावर आणि व्हॉट्सॲपवर. संदेश छोटा ठेवायचा, तारीख, वेळ आणि घड्याळाचं चित्र. पाळीच्या सुरुवातीची उभ्याउभ्याची मीटिंग त्याच्यासमोर तोंड करून घ्यायची आणि मुख्य मुद्दा फळ्यावर लिहायचा. ओठ वाचून त्याला सगळं समजतं हा भ्रम आहे. तो मान हलवतो ती बहुधा सभ्यतेनं.

थांब, धोका, खराब माल, पुन्हा कर, मोज, मशीन बंद, बाहेर पळ, जेवण, दुखतंय: लाइनला लागणाऱ्या अशा तीसेक खुणा अख्ख्या टीमनं शिकाव्यात. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र दिल्लीत २०१५ पासून आहे आणि त्यांचा व्हिडिओ शब्दकोश इंटरनेटवर फुकट बघता येतो. भोंग्याला जोडून लुकलुकणारा लाल दिवा लावा, संडासातसुद्धा. फोर्कलिफ्टला पुढे जमिनीवर निळा ठिपका पाडणारा दिवा लावला की ती येते आहे हे न ऐकताही कळतं, आणि मशीनच्या आवाजात ऐकू येणाऱ्यांनाही कुठे काय ऐकू येतं! आग लागली तर कुणी कुणाला सोबत घेऊन निघायचं, अशा जोड्या प्रत्येक पाळीसाठी ठरवा. एक जण रजेवर असेल म्हणून एक राखीव.

एकाच कर्णबधिर माणसाला एकटं ठेवलं की तो जेवणाच्या सुट्टीतही गप्प बसतो आणि काही महिन्यांत निघून जातो. दोघे-तिघे एकत्र घेतले तर टिकतात. पण त्यांची वेगळी 'मूकबधिर लाइन' करू नका. बाकी कुणी खुणा शिकत नाही आणि बढतीची दारं बंद होतात.

दृष्टिहीन कर्मचाऱ्यांचं बिघडतं ते कागदांवर. एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि मराठी वाचतं. पण युनिकोडमधलं मराठी. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेलं परिपत्रक त्याला इंग्रजी अक्षरांचा कचरा वाटतं, आणि शिक्का मारून स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे निव्वळ फोटो. आपल्याकडे पतसंस्था, कारखाने, शाळा, सगळीकडे ही दोन्ही रूपं सर्रास चालतात. म्हणजे सोय करायची ती एका माणसाची नव्हे, अख्ख्या ऑफिसच्या टायपिंगची. रुजू व्हायच्या आधी एक दिवस त्याला बोलावून तुमचं बिलिंग किंवा हजेरीचं सॉफ्टवेअर त्याच्या स्क्रीनरीडरवर चालवून बघा. काही प्रोग्राम बटणांना नावंच देत नाहीत, तिथे तो अडतो. हे आधी कळलं तर दुसरं काम देता येतं. रुजू झाल्यावर कळलं तर 'जमत नाही' असा शेरा बसतो. लातूरच्या एखाद्या कोचिंग क्लासमध्ये शंका सोडवणं, तोंडी सराव घेणं, पालकांशी बोलणं ही कामं दृष्टिहीन शिक्षक उत्तम करतो, त्याला फक्त प्रश्नपत्रिका फोटोऐवजी मजकुरात द्यायची. कमी दिसणाऱ्यांसाठी पायऱ्यांच्या कडेला ५० मिमी पिवळा पट्टा आणि खिडकी बाजूला येईल असा ठेवलेला मॉनिटर इतकं केलं तरी खूप फरक पडतो.

बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीला एका वेळी एकच बदल, एकच सुपरवायझर आणि चित्रांचं कार्ड. सुरुवातीचे काही आठवडे शिकवणारा माणूस सोबत असावा आणि तो हळूहळू मागे सरावा. एकदम काढून घेतला की जमलेलं कामही बिघडतं.

मानसिक आजाराचे उपचार घेणाऱ्यांना रात्रपाळी आणि झोपेची मोडतोड सगळ्यात जड जाते. कायम दिवसपाळी ही इथली खरी सोय. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी उन्हाळ्यात कमी झालं तर औषधाचं रक्तातलं प्रमाण धोकादायक वाढू शकतं, म्हणून जागेवर पाणी आणि ते प्यायची मोकळीक हवी. सिकलसेलच्या रुग्णालाही पाणी कमी पडलं की वेदनांचा झटका येतो. मणक्याला वरच्या भागात इजा झालेल्यांना इजेच्या खाली घाम येत नाही; चाळीस अंशांच्या पुढे त्यांना पंख्यापेक्षा गारव्याची जागा लागते. ही माहिती एचआर आणि प्रथमोपचार करणाऱ्यापुरती ठेवायची, लाइनवर पसरवायची नाही.

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी अंतर्गत समिती असते. कर्णबधिर स्त्रीनं तक्रार केली तर दुभाषा कोण, हे समितीनं तक्रार यायच्या आधी ठरवून ठेवावं.

पेन्शनची भीती

कुटुंबच नोकरीला नाही म्हणतं, असं कधी दिसतं. त्यामागे संजय गांधी निराधार अनुदान योजना असते. तिला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे. पगार सुरू झाला की मर्यादा ओलांडते आणि अनुदान बंद होतं. मग तीन महिन्यांनी ठेकेदारानं 'ब्रेक' दिला तर पगारही गेला आणि अनुदानही, आणि पुन्हा तहसीलच्या चकरा. हिशेब त्यांचा बरोबर असतो. कुटुंबाला समजावत बसण्यापेक्षा मालकानं आपल्या बाजूनं काम पक्कं करावं: लेखी नेमणूकपत्र, किमान वर्षाची मुदत, आणि पगार बँकेत. सणासुदीच्या हंगामापुरतं दोन महिने बोलवायचं असेल तर तसं आधीच स्पष्ट सांगावं.

पैशांचा हिशेब

'अपघात झाला तर जबाबदारी माझी' ही मालकांची भीती. ईएसआय (राज्य कामगार विमा) लागू असेल तर कामावरच्या इजेची भरपाई ईएसआय देते, आणि तिथे मालकाचा हप्ता पगाराच्या ३.२५ टक्के असतो. कामगार दिव्यांग आहे म्हणून तो वाढत नाही. उलट इतरांना २१,००० रुपये मासिक पगारापर्यंत असलेली ईएसआयची मर्यादा दिव्यांगांसाठी २५,००० आहे. प्राप्तिकरात ज्यांचे हिशेब ऑडिट होतात अशा मालकांना नव्यानं वाढवलेल्या, महिना २५,००० पर्यंत पगाराच्या माणसांच्या खर्चावर ३० टक्के जादा वजावट तीन वर्षं मिळते. ती सगळ्याच नव्या भरतीला आहे, दिव्यांगही त्यात येतात. कर्मचाऱ्याला स्वतःला जुन्या करप्रणालीत ७५,००० आणि अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट आहे. या सवलतींसाठी म्हणून कुणाला घेऊ नये. तेवढ्यावर घेतलेली माणसं कागदावरच कामाला असतात.

कामावर असताना अपंगत्व आलं तर

प्रेसमध्ये बोटं गेली, मोटारसायकलवरून पडून पाय गेला, मधुमेहानं नजर गेली. अनुभवी माणूस घरी बसतो आणि त्याच्यासोबत पंधरा वर्षांचं कसब जातं. सरकारी आस्थापनेला अशा कर्मचाऱ्याला काढता किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही. जुनं काम झेपत नसेल तर तोच पगार आणि सोयी ठेवून दुसरं काम द्यावं लागतं. खासगी मालकानं स्वतःच्या फायद्यासाठी तरी हेच करावं.

परत आणण्याची सुरुवात दवाखान्यातूनच करायची. पहिल्या आठवड्यात एचआरनं जाऊन "तुमची जागा आहे" एवढं सांगितलं तर माणूस परत येण्याच्या तयारीला लागतो. कामावर झालेल्या इजेनं कायमचं अपंगत्व आलं तर ईएसआयचा वैद्यकीय बोर्ड कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतो आणि त्या प्रमाणात दरमहा रक्कम आयुष्यभर मिळते. कामावर परत गेल्यानं ती बंद होत नाही, हे बहुतेक कामगारांना ठाऊक नसतं, आणि त्याच भीतीनं ते परत येत नाहीत. ऑपरेटर म्हणून काम जमत नसेल तर नव्या मुलांना शिकवणं, सेटिंग तपासणं, तक्रारीचा माल ओळखणं ही कामं त्याच्याइतकी कुणाला येतात?

दोन वर्षांनंतर

टिकलेली माणसं दोन-तीन वर्षांनी सोडतात, तेव्हा कारण वेगळं असतं. पहिल्या दिवशी ज्या स्टुलावर बसवलं त्याच स्टुलावर ती अजून बसलेली असतात. सोबतचे ऑपरेटर झाले, लाइन लीडर झाले. "त्याला जमेल का?" हा प्रश्न पुन्हा न विचारताच उत्तर दिलं गेलं. बढतीच्या यादीत दिव्यांग कर्मचाऱ्याचं नाव नसेल तर का नाही हे एका ओळीत लिहून ठेवायची सवय लावा. लाइन लीडरला फोनवर बोलावं लागतं म्हणून कर्णबधिर माणूस वगळला असेल, तर ते संदेशावर होऊ शकतं का हे तिथल्या तिथे तपासता येतं.

आणि काम खरंच जमलं नाही तर? तेही होतं, जसं इतरांचं होतं. काय सोयी दिल्या, कोणत्या तारखेला, त्यांनी काय फरक पडला, दुसरं काम देऊन पाहिलं का, हे नोंदवहीत असलं पाहिजे. तक्रार आयुक्तांकडे गेली तर पहिल्यांदा हीच वही मागतात. सोडून जाणाऱ्याला कारण विचारताना 'घरगुती अडचण' हे उत्तर पुरेसं मानू नका. बस, संडास, सुपरवायझर, पाळी, पगार, अशी नावं घेऊन विचारा, आणि त्या वेळी त्याचा सुपरवायझर खोलीत नको.